डब्यातले सागरगोटे

आमच्या घरी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात एकवीस सागरगोटे आहेत. राखाडी, गुळगुळीत, तळहातावर घेतले की थंड लागणारे. मुली अंगणात बसून झेलतात ते हेच. पण हे एकवीस कधी खेळात गेले नाहीत. ते आजीच्या औषधाचे आहेत आणि १९९४ च्या पावसाळ्यानंतर तिने त्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

आजीचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात, वैनगंगेपासून चालत जाता येईल इतक्यावर. धानाच्या बांध्या, घरामागे बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि पावसाळा उतरणीला लागला की घराघरात हिवताप. आजी काही वैदू नव्हती. पण हिवतापाचं एक औषध तिला तिच्या सासूकडून मिळालेलं होतं आणि आजूबाजूची दोन-चार घरं त्यासाठी तिच्याकडे येत. सागरगोट्याचं कवच पाट्यावर वरवंट्याने फोडायचं, आतला पांढरट गर काढायचा, जेवढा गर तेवढेच काळे मिरे घ्यायचे, दोन्ही बारीक वाटायचं आणि मधात कालवून चाटवायचं. इतकं कडू की मध असून नसल्यासारखा. “घे बाई, कडू लागते पण घे,” हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या वर्षी बाबांच्या धाकट्या भावाला ताप आला. काका चोवीस वर्षांचा होता. अंग सारखं तापलेलं, डोकं दुखतंय म्हणून कपाळाला फडकं बांधलेलं. आजीने दोन दिवस औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घाम आला, अंग जरा गार लागलं, त्याने स्वतःहून पेज मागितली. मी नऊ वर्षांची होते. पेजेची वाटी मीच नेऊन दिली, म्हणून ते इतकं लक्षात आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे तो कोणालाच ओळखेना. मग झटके सुरू झाले. डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडी, तिथून जीप, आणि ब्रह्मपुरीच्या वाटेवर तो गेला. मेंदूत गेलेला हिवताप, असं नंतर सगळे म्हणत.

आजी त्यानंतर बारा वर्षं जगली. तिने पुन्हा कोणाला ते औषध दिलं नाही आणि डबा फेकलाही नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला होते. एका दुपारी तिने मला जवळ बसवून विचारलं, “पोरी, तू औषधाचंच शिकते नं? मंग सांग, माह्यं औषध खोटं होतं का?”

मला उत्तर देता आलं नाही.

आज मी नागपुरात एका फार्मसी कॉलेजात वनस्पतीजन्य औषधांचा विषय शिकवते. गेली सहा वर्षं सुट्ट्या आणि रविवार घालून पूर्व विदर्भात हिवतापावर वापरल्या जाणाऱ्या झाडपाल्याची तपासणी करते आहे. लोक विचारतात, मलेरियाचं औषध सापडलं का? नाही सापडलं. पण आजीच्या प्रश्नाला धरून चालताना जे कळत गेलं ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी तापाबद्दल. हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो, तिथे वाढतो, एकाचे अनेक होतात आणि पेशी फोडून सगळे एकदम बाहेर पडतात. व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम, आपल्याकडच्या या दोन्ही जातींना त्यासाठी साधारण ४८ तास लागतात. पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग घाम फुटून उतरतो. म्हणूनच तो एक दिवसाआड येतो. आयुर्वेदात विषमज्वराच्या प्रकारांमध्ये ‘तृतीयक’ आहे तो हाच, आला तो दिवस पहिला धरला तर तिसऱ्या दिवशी येणारा. यातली मेख अशी की हा ताप त्या-त्या वेळी आपोआपही उतरतो. दुपारी काहीही चाटवलं असतं तरी संध्याकाळी घाम फुटलाच असता. शिवाय हिवतापाच्या मुलखात लहानाचं मोठं झालेल्या माणसाच्या शरीराला त्याच्याशी थोडंफार लढता येतं, तो कधी-कधी औषधाविना उठून बसतो. श्रेय मात्र मधल्या वेळात जो पाला पोटात गेला त्याला मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं औषध आहे म्हणजे गुण असणारच, असं मला कोणी म्हटलं की मी हे सांगते. ताप उतरला आणि परजीवी मेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकाच्या बाबतीत त्या किती वेगळ्या होत्या ते मी पाहिलं आहे. फॅल्सिपेरमने भरलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात, मेंदूतल्यासुद्धा. वरून माणूस पेज मागतो आणि आत रक्ताची वाट बंद होत असते.

म्हणून सुरुवातीला माझा कल असाच होता की आजीचं औषध म्हणजे नुसता विश्वास. मग एम.फार्म.च्या वेळी ग्रंथालयात १८६८ सालच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मधली नोंद वाचली. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या औषधांसाठी काढलेला हा अधिकृत ग्रंथ. त्यात पाळीच्या, म्हणजे ठरावीक दिवसांनी उलटून येणाऱ्या, तापावर सागरगोट्याचं चूर्ण दिलेलं आहे: कवच काढून दळलेला गर आणि काळे मिरे, समभाग. मी ते पान वाचून बराच वेळ तशीच बसून राहिले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या सासूलाही नसणार. म्हणजे हा नुस्खा कितीतरी ठिकाणी, कितीतरी घरांत सारखाच चालत होता आणि क्विनीन हाताशी असलेल्या डॉक्टरांनाही तो छापण्याजोगा वाटला होता. त्यावरून तो गुणकारी ठरत नाही. पण तपासायलाच हवा, एवढं त्या दिवशी ठरलं.

झाडपाल्यातून हिवतापाचं औषध निघतं यात नवल काहीच नाही. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हान्तू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. दुसरं मोठं उदाहरण चीनमधलं, आणि माझ्या दृष्टीने ते जास्त शिकवणारं आहे. ‘तू योयो’ या चिनी संशोधक बाईंच्या गटाने दोन हजारांहून जास्त जुने नुस्खे चाळले, सुमारे दोनशे वनस्पतींचे ३८० वर अर्क उंदरांवर तपासले. आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ, चिनी नाव छिंगहाव, हिचा अर्क एकदा चांगला चाले आणि पुढच्या वेळी काहीच करत नसे. मग चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचं एक वाक्य त्यांच्या डोळ्यासमोर आलं: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवा, पिळा, तो रस प्या. भिजवा, पिळा. उकळा असं त्यात कुठेही नव्हतं. उष्णतेने औषध मरत असावं हे त्यांनी ओळखलं, कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातला परजीवी पार नाहीसा केला. त्या अर्कातूनच पुढे आर्टेमिसिनिन वेगळं झालं. २०१५ चं नोबेल त्यासाठीच. मी वर्गात ही गोष्ट दरवर्षी सांगते. झाड दोन हजार वर्षं माहीत होतं, कृतीतलं एक क्रियापद वाचायचं राहिलं होतं.

आणि तरीही मी स्वतः तीच चूक केली.

सागरगोट्याच्या गरात तेल भरपूर असतं. पाठ्यपुस्तकातली पद्धत अशी की आधी पेट्रोलियम ईथरने तेल काढून टाकायचं आणि उरलेल्या चोथ्यावर काम करायचं. मी तसंच केलं. सॉक्सलेट, म्हणजे अर्क काढायचं काचेचं उपकरण, लावलं, तेलाचा भाग बाटलीत भरून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवला, आणि वर्षभर मिथेनॉलचा अर्क तपासत बसले. काहीच हाती लागेना. परजीवी वाढवलेल्या छोट्या ताटल्या, आमच्या भाषेत प्लेटा, एकामागून एक गेल्या. मग एकदा नीट विचार केला की सागरगोट्यातली नाव घेण्याजोगी द्रव्यं कोणती? कॅसेन गटातली डायटर्पीन. म्यानमारमध्ये मिळणाऱ्या याच्या अगदी जवळच्या जातीच्या बियांमधून तशी द्रव्यं वेगळी केलेली आहेत आणि त्यातली काही प्रयोगशाळेत फॅल्सिपेरमवर फार कमी मात्रेत परिणाम करतात. ही द्रव्यं तेलाकडे ओढली जाणारी. म्हणजे मी जो भाग ‘नुसतं तेल’ म्हणून खालच्या फळीवर ठेवला होता, त्यातच ती बरीचशी जाऊन बसली असणार. आजीने कधी तेल काढलं होतं? ती आख्खा गर वाटायची. बाटली बाहेर काढली, तेलातून कडू भाग वेगळा केला आणि तपासला. पहिल्यांदा परजीवींची वाढ खाली आली.

किती खाली, हेही सांगायला हवं. माझ्या अर्काने परजीवींची वाढ निम्म्यावर आणायला मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम लागतात. आर्टेमिसिनिनला त्यासाठी काही नॅनोग्रॅम पुरतात. हजारपट फरक झाला. कच्च्या अर्कासाठी हे वाईट नाही, त्यात शेकडो द्रव्यांची सरमिसळ असते. पण मरणाच्या दारातल्या माणसाला वाचवायला हे औषध पुरेल असं मी कोणत्याही तोंडाने म्हणू शकत नाही.

परजीवी वाढवायची सोय आमच्या कॉलेजात नाही. शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेत मला आठवड्यातून तीन दिवस जागा मिळते. १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम शरीराबाहेर सतत वाढवून दाखवला, ती पद्धत आजही मुळात तशीच आहे: माणसाच्या तांबड्या पेशी, पोषक द्रव, ३७ अंश, आणि हवेत ऑक्सिजन कमी. त्यासाठी डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, प्लेटांशेजारी मेणबत्ती लावायची आणि झाकण सरकवायचं. मेणबत्ती आपली आपण विझते तेव्हा आतली हवा परजीवीला मानवेल अशी झालेली असते. विद्यार्थ्यांना मी हे दाखवते तेव्हा ते पहिल्यांदा विश्वासच ठेवत नाहीत.

बाकीच्या झाडांचं थोडक्यात सांगते. सप्तपर्णीकडून मला फार आशा होती. सिव्हिल लाइन्समध्ये ऑक्टोबरात तिच्या वासाने रस्ता भरून जातो. तिची साल हिवतापावर म्हणून जुन्या सगळ्या ग्रंथांत आहे, क्विनीनला पर्याय म्हणूनही ती एके काळी पुढे आणली गेली होती. माझ्या प्लेटमध्ये तिने काही केलं नाही, आणि उंदरांवर आधी झालेल्या कामातही परजीवी मारण्याचा गुण दिसलेला नाही. कडुनिंबातलं गेड्युनिन डिशमध्ये चांगलं काम करतं आणि प्राण्याच्या शरीरात गेलं की फिकं पडतं. किराईत घ्यायला इतवारीच्या किराणा ओळीत गेले तर एकाच नावाखाली दोन दुकानांत दोन वेगळी झाडं मिळाली. एक हिमालयातलं काडेकिराईत, दुसरं आपलं पालेकिराईत. दोन्ही कडू, दोन्ही तापावर, पण कुळं वेगळी, द्रव्यं वेगळी. तेव्हापासून मी बाजारातला माल तपासणीला घेत नाही. झाड उभं पाहायचं, फुला-फळासकट फांदी दाबून वाळवायची, वनस्पतीशास्त्र विभागाकडून ओळख पक्की करून घ्यायची, मगच गिरणी. हे कंटाळवाणं आहे आणि यात कुठलीही सूट नाही.

हिंगणबेटाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण तो आनंद मी चार दिवस उपभोगला. त्याच्या फळाच्या गराचा अर्क घातला आणि प्लेटमध्ये परजीवी शून्य. सगळ्या मात्रांमध्ये शून्य. मी विभागात संत्रा बर्फी वाटली. चौथ्या दिवशी तीच प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिली तर पेशींच्या वरचा द्रव लालभडक. हिंगणबेटात सॅपोनिन असतात, साबणासारखा फेस आणणारी. ती रक्तपेशींची पडदीच फोडतात. आम्ही स्वतः प्रयोगशाळेत पेशीतून परजीवी बाहेर काढायला सॅपोनिनच वापरतो, आणि हे मला त्या दिवशी सुचलं नाही. परजीवी मेला होता, कारण त्याचं घरच जमीनदोस्त झालं होतं, आणि ते घर म्हणजे आपलं रक्त. त्या दिवसापासून प्रत्येक अर्क आधी निरोगी रक्तपेशींवर आणि माणसाच्या दुसऱ्या पेशींवर घालून बघते. परजीवीला मारणारी मात्रा आणि आपल्या पेशींना मारणारी मात्रा यात पुरेसं अंतर नसेल, तर ते विष आहे, औषध नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. नागपूरचा मे सांगायला नको. रात्री खोलीचं एसी बंद पडलं. इन्क्युबेटरला उष्णता वाढवता येते, कमी करता येत नाही. सकाळी आतला काटा ४१ वर. आठ महिने जपलेलं कल्चर, म्हणजे वाढवत ठेवलेले परजीवी, गेलं म्हणून मी खुर्चीत बसून रडले. फेकण्याआधी एक स्लाइड रंगवून पाहिली. मोठे, वाढलेले परजीवी काळे ठिपके होऊन मेले होते. पण अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी बरेचसे शाबूत होते. चाळीसच्या वरची उष्णता मोठ्या परजीवींना सोसत नाही आणि कोवळ्यांना बरीच सोसते, हे ग्रंथांत आहेच, मी वाचलेलंही होतं. पण ताप ही शरीराने परजीवीवर उगारलेली काठी आहे आणि ती वयानुसार लागते, हे डोळ्यांनी पाहिलं ते त्या सकाळी. ती स्लाइड मी ठेवून दिली.

पुढच्या हिवाळ्यात धानोरा तालुक्यात गेले. एका गावात औषध देणारी एक म्हातारी बाई आहे असं ओळखीच्या शिक्षकांकडून कळलं होतं. मी वहीत तक्ता आखून नेला होता: झाड, भाग, मात्रा, किती दिवस. अंगणात बसल्यावर विचारलं, “मावशी, हिवतापावर तुम्ही काय देता?”

तिने उलट विचारलं, “कोनता हिवताप?”

माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

मग तीच सांगत गेली. हुडहुडी भरून येते अन घाम फुटून जाते, तो एक. अंगात मुरते अन उतरतच नाही, तो दुसरा. डोळे पिवळे होते तो आणखी वेगळा. पोराच्या डाव्या कुशीत गोळा लागते, तो जुना. (डाव्या कुशीतला गोळा म्हणजे वाढलेली पानथरी, प्लीहा. हिवतापाच्या सर्वेक्षणात डॉक्टर मुलांच्या पोटावर हात ठेवून नेमकं हेच बघत आले आहेत.) सागरगोटा ती फक्त पहिल्या तापाला देते. मिरे घालूनच. आणि तोही वाटेल तेव्हा देत नाही. तापाच्या पाळीच्या दिवशीच, “थंडी यायच्या घंटा-दोन घंटे आंधी. थंडी भरल्यावर देऊन कायी फायदा नाई.”

“आणि जो उतरतच नाही त्याला?”

“त्याले मी हात लावत नाई. माह्या सासूनंच सांगतलं होतं, त्याले नको देऊ, तो थांबत नाई.” मग थोडं थांबून म्हणाली, “आता तं आशाताई येते. बोट टोचते, पट्टीवर रेघ दिसली का गोळ्या देते. मी सगळ्याइले सांगतो, पह्यले पट्टी, मंग मावशी.”

परतीच्या एसटीत मी वही उघडली नाही. काकाला हुडहुडी भरलीच नव्हती. ती एक दुपार सोडली तर त्याचं अंग सारखं तापलेलं होतं, आणि ही म्हातारी त्याला हात लावणार नाही असं म्हणत होती. नुस्खा धानोऱ्याकडून आला असेल, आरमोरीकडून गेला असेल, कसाही फिरला असेल. आजीपर्यंत गर पोचला, मिरे पोचले, समभाग पोचलं. कोणत्या तापाला, कोणत्या वेळी आणि कोणाला मुळीच नाही, हे वाटेत कुठेतरी गळून पडलं. आणि मी सहा वर्षं झाडांची नावं गोळा करत फिरत होते, तेही तेवढाच अर्धा भाग उचलत.

मिऱ्यांचंही असंच आहे. मी मिऱ्याचा अर्क सागरगोट्याच्या अर्कात मिसळून प्लेटमध्ये घातला तेव्हा काही फरक पडला नाही आणि मी ‘मिरे निरुपयोगी’ असं वहीत लिहून टाकलं होतं. आता ते खोडलं आहे. मिऱ्यातलं पायपेरीन यकृतात औषधं मोडणाऱ्या प्रथिनांना अडवतं, त्यामुळे कितीतरी द्रव्यं रक्तात जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ टिकतात. हळदीतल्या कुरकुमिनवर बंगळुरूत झालेलं काम प्रसिद्ध आहे, १९९८ सालचं. माझ्या प्लेटमध्ये आतडं नाही, यकृत नाही. तिथे मिरे काय काम करणार? प्रश्न चुकीच्या जागी विचारला होता.

मावशीशी बोलताना तिने मला आणखी एक विचारलं. “याचं तू काय करशीन?” साधा प्रश्न आहे, पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे. फ्रेंच गयानात लोक हिवतापावर क्वासिया नावाचं झाड वापरतात. तिथल्या लोकांना विचारून झालेल्या कामातून एक द्रव्य निघालं आणि त्याचं पेटंट संशोधन संस्थेच्या नावावर झालं, त्यावरून २०१६ मध्ये मोठा वाद उभा राहिला. आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे, राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे. आणि धानोरा हा मेंढा-लेखाचा तालुका. मेंढा-लेखा म्हणजे सामूहिक वनहक्क देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी एक. तिथे ‘मी विद्यापीठाकडून आले’ एवढ्यावर झाडाची फांदी तोडता येत नाही आणि येऊही नये. मी ग्रामसभेपुढे बसून सांगितलं की बी कशासाठी हवं आहे, किती हवं आहे, आणि यातून कधी काही निघालं तर गावाचं नाव आणि हक्क त्यात लिहिलेला असेल. त्यांनी तीन किलो बी दिलं. कागदावर सह्या आहेत. मावशीचा अंगठा आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी सागरगोटे आणून वाटायला घेईल, म्हणून स्पष्ट लिहिते. थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणीही मोफत आहे आणि गोळ्याही. फॅल्सिपेरम निघाला तर आर्टेमिसिनिन गटातलं औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच देतात आणि ठरलेला कोर्स पूर्ण करावाच लागतो. व्हायवॅक्स निघाला तर यकृतात लपलेल्या परजीवीसाठी प्रायमाक्विनचे चौदा दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून लोक सोडून देतात आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी परत येतो. आर्टेमिसियाच्या पाल्याचा चहासुद्धा पिऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते तर खुद्द औषधाचंच झाड आहे. अर्धवट मात्रेने परजीवी मरत नाही, औषधाला सरावतो. कंबोडियात आर्टेमिसिनिनला दाद न देणारा परजीवी सापडला, आता आफ्रिकेतही काही देशांत सापडतो आहे. नवीन औषधं हवी आहेत ती त्यासाठी. २०२३ मध्ये जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली लहान मुलं.

आता सध्या काय चाललं आहे ते. मावशीची वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. थंडीच्या दोन तास आधी म्हणजे पेशी फुटायला आलेल्या असतात. त्या वेळी औषध पोटात गेलं तर ते रक्तात उतरेपर्यंत ताप चढलेला असणार. म्हणजे औषध आणि ताप एकाच वेळी परजीवीवर पडतात. मी सहा वर्षं अर्क ३७ अंशांवर तपासला. तापात कधी तपासलाच नाही.

तर या आठवड्यात तेवढं करते आहे. सॉर्बिटॉल नावाच्या द्रव्याने मोठे परजीवी काढून सगळं कल्चर एका वयाचं केलं. ते पिकून फुटायच्या बेतात येईपर्यंत थांबले. आज रात्री साडेनऊला चार प्लेटा मांडल्या. एक नुसती ३७ वर. एक ३७ वर, अर्कासह. एक अर्काशिवाय ४० वर. आणि एक अर्कासह ४० वर. प्रत्येकीत निरोगी पेशींची एक रांग आहे, द्रव लाल झाला तर कळावं म्हणून. तापाच्या दोन प्लेटा सहा तास तशाच राहतील. अर्काने आणि तापाने मिळून जे होईल ते दोघांच्या बेरजेइतकंच भरलं तर मावशीच्या वेळेला माझ्याकडे दुसरा अर्थ नाही. त्याहून जास्त भरलं तर पुढची दोन वर्षं कामाची आहेत.

आजीला मी आज काय सांगितलं असतं? खोटं नव्हतं, आजी. तुला पूर्ण सांगितलेलंच नव्हतं.

डब्यातले एकवीस मी वापरलेले नाहीत. प्रयोगाचं बी धानोऱ्याचं आहे. पहाटे साडेतीनला दोन प्लेटा पुन्हा ३७ वर आणायच्या आहेत. मेणबत्ती नवी लावावी लागेल, काड्यापेटी पिशवीत टाकून आणली आहे.